दोन नावं, फोन नंबरसकट

माझ्या हृदयात एक कृत्रिम झडप बसवलेली आहे. तिच्यापायी मला रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यावी लागते, आणि रक्त नको तितकं पातळ झालं नाही ना, हे दर पंधरा दिवसांनी तपासावं लागतं. म्हणून एक मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी सकाळी साडेसातला हिमायतनगरच्या माझ्या फ्लॅटची बेल वाजते आणि जवळच्या तपासणी केंद्रातली रेणुका आत येते. चपला दाराबाहेर, बॅग टेबलावर, हातमोजे हातात. मग माझ्या तोंडाकडे न बघता, माझ्या कोपराकडे बघत ती विचारते,

"पूर्ण नाव?"

"कमल गोविंदराव बिलोलीकर."

"जन्मतारीख?"

"नऊ मार्च एकोणीसशे चोपन्न. अगं, सहा वर्षं झाली! या वयात मी आता नाव बदलणार आहे का?"

"विचारावं लागतं मॅडम. रूल आहे."

रूल असा की नळीवर चिठ्ठी चिकटवायच्या आधी नाव माणसाच्या स्वतःच्या तोंडून ऐकायचं, मग तो माणूस कितीही ओळखीचा असो. नाहीतर एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जातं. मला हे पटतं. पण दर वेळी पटत नाही.

मी नारायणगुड्याच्या मराठी शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं. पंचेचाळीस मिनिटं न थांबता बोलायची सवय निवृत्त झाल्यावर सुटत नाही, पेन्शनसारखी ती मरेपर्यंत चालू राहते. आणि माझ्या नशिबी ही मुलगी! मी मोजलंय. एका भेटीत रेणुका सरासरी अठरा शब्द बोलते, त्यातले तीन ठरलेले. बाकीचे एका प्रश्नात जातात. तो प्रश्न मात्र दर वेळी नवा असतो, आणि नेहमी माझ्या शाळेबद्दलचा. "मॅडम, पावकी म्हणजे काय असतं?" असं ती दंडाला पट्टा बांधता बांधता विचारते, आणि मी पावकी, निमकी, पाउणकी करत दीडकीपर्यंत पोचते तोवर तिनं कापसाचा बोळा दाबून धरलेला असतो. मला वाटायचं, पोरीला गणिताची गोडी आहे. हिला कुणी नीट शिकवलं असतं तर कुठल्या कुठे गेली असती.

गेल्या जुलैच्या पंधरा तारखेला रेणुकानं काम आटोपल्यावर बॅग उचलली नाही. बॅगेतून एक घडी घातलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

"इंग्लिश बघाल का जरा?"

तो नोकरीचा अर्ज होता. वरच्या ओळीत नाव लिहिलेलं: सोनकांबळे रेणुका सूर्यभान. मी ते दोनदा वाचलं. सहा वर्षांत हिनं मला दीडशे वेळा माझं पूर्ण नाव विचारलं होतं, आणि मी तिला एकदाही नाही. आमच्यासारख्या घरांत आडनाव न विचारणं म्हणजे सुधारलेपण समजतात. खरं सांगायचं तर अंदाज आधीच बांधून झालेला असतो. मला लाज वाटली, पण ती त्या वेळी मी चष्मा पुसण्यात घालवली.

शहरात लहान मुलांचं एक नवं रुग्णालय सुरू होत होतं. तिथे मुलांचं रक्त घेणाऱ्या विभागाला प्रमुख हवी होती. हिमायतनगरच्या केंद्रातली बरी चाललेली नोकरी सोडून तिथे कशाला जायचं, असं मी विचारलं. त्यावर रेणुका जे बोलली ते मी तिच्या तोंडून ऐकलेलं तोवरचं सगळ्यात लांब बोलणं होतं.

"लहान लेकरांना चार-चार जण धरतात मॅडम. हात धरतात, पाय धरतात, अन् टोचतात. लेकरू मग जन्मभर घाबरतं. तसं करावं नाही लागत. पाच मिनिटं द्यावी लागतात फक्त. मला तिथं जायचंय."

मी इंग्रजी तपासलं. चुका तीनच होत्या. शेवटच्या पानावर घोडं अडलं. तिथे लिहिलं होतं, 'आपल्या संस्थेबाहेरच्या, याच क्षेत्रातल्या, आपलं काम जाणणाऱ्या दोन व्यक्तींची नावं, फोन नंबरसकट.' खाली दोन ओळी कोऱ्या.

"हे?"

"ते राहू द्या."

"राहू कसं द्यायचं? याच्याशिवाय अर्ज घेणार नाहीत म्हणून खाली लिहिलंय."

"कुणी नाही ना मॅडम. मी येते, रक्त घेते, जाते. बाहेरचे लोक कायकू ओळखतील मला?"

"माझं नाव घाल."

"तुम्ही पेशंट."

तिथेच ते संपलं. अर्जाची मुदत दोन ऑगस्ट, शनिवार, संध्याकाळी पाचपर्यंत. हातात अठरा दिवस आणि हव्यात दोन ओळखी. चौतीस वर्षांत मी याहून कठीण गणितं सोडवली होती, असं मला वाटलं.

माझी भाची नेहा कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिला फोन केला तर ती म्हणाली, "मावशी, याला नेटवर्किंग म्हणतात." आमच्या काळी याला ओळखी काढणं म्हणत आणि ओळखी काढणाऱ्याला नावं ठेवत. आता त्याचे वर्ग चालतात म्हणे. नेहानं पद्धत सांगितली. सभेला जायचं, हसायचं, हात पुढे करायचा, आपलं नाव सांगायचं, समोरच्याला त्याच्याबद्दल विचारायचं, कार्ड घ्यायचं, पुढच्याकडे जायचं. चौकशी करता कळलं की सत्तावीस तारखेला, रविवारी, कुकटपल्लीच्या एका फंक्शन हॉलमध्ये शहरातल्या लॅब टेक्निशियन लोकांचा मेळावा आहे. रेणुकाचं घरही कुकटपल्लीतच. मी तिला फोनवर कळवलं. तिकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मौनाला मी संमती समजले, हेही आमच्या पिढीचं एक दुखणं आहे.

माझ्या दिवाणखान्यात दोन संध्याकाळी तालीम झाली. मी मोठी डॉक्टर झाले, दारातून रुबाबात आत आले आणि हात पुढे केला. रेणुकानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत कॅलेंडरला स्वतःचं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी कॅलेंडर काढून ठेवलं तर तिनं पंख्याला सांगितलं. तरी पाठांतर चोख झालं. चार वाक्यं एका श्वासात म्हणून ती घाम पुसत खुर्चीच्या टोकावर बसायची. मी तिला दहापैकी सहा मार्क दिले. दोन मार्क दयेचे होते.

रविवारी मी मेट्रोनं गेले. एमजीबीएस स्टेशनावर गाडी बदलून कुकटपल्लीला उतरले, तर जिन्याखाली रेणुका नवी कोरी साडी नेसून उभी. चेहरा मात्र असा की हिचंच रक्त काढायला नेतायत. हॉलच्या दाराशी मला कुणी अडवलं नाही. उलट दोन तरुण धावत आले, "आइए मॅडम, आइए" म्हणत मला थेट पहिल्या रांगेत नेलं आणि माझ्या खांद्यांवर शाल घातली. त्या दिवशी एका निवृत्त प्राध्यापक बाईंचा सत्कार होता, आणि चष्मा, पांढरे केस आणि हुकमी चाल एवढ्यावर त्यांनी मला ओळखलं होतं. मी खुलासा करणार होते. पण शाल चांगली होती आणि मला बोलायला माणसं मिळाली होती. खऱ्या बाई अर्ध्या तासानं आल्या तेव्हा तीच शाल माझ्या खांद्यांवरून उतरवून त्यांच्या खांद्यांवर चढवण्यात आली. तोवर माझ्या पर्समध्ये सतरा कार्डं जमा झाली होती.

रेणुकाकडे एकही नव्हतं. पाण्याच्या जारमागे उभी राहून ती पाचवा ग्लास पाणी पीत होती. मी डोळे वटारले. शाळेत या नजरेनं मागच्या बाकावरची पोरं सरळ व्हायची. तीही निघाली, आणि समोर पहिल्या दिसलेल्या बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

त्या होत्या कविता मॅडम, एका मोठ्या रुग्णालयाच्या रक्तपेढीच्या प्रमुख. तेलुगू बाई, उंच, हसऱ्या, भोवती तीन-चार जणी. त्यांनी आपणहून हात पुढे केला. रेणुकानं तो धरला, उलटा केला, बाही वर सरकवली, कोपराच्या आत अंगठा फिरवला आणि खालच्या मानेनं विचारलं,

"पूरा नाम? डेट ऑफ बर्थ?"

आणि गंमत अशी की कविता मॅडमचा जन्मही याच प्रश्नात गेलेला. त्यांनी तडक उत्तर दिलं, "कोंडूरी कविता. छब्बीस नवंबर, उन्नीस सौ बहत्तर."

शेजारची एक जण म्हणाली, "बहत्तर? आप तो अठहत्तर बोले थे!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. सगळ्या हसल्या, कविता मॅडमही कपाळाला हात लावून हसल्या. पण रेणुकाला ते दिसलंच नाही. ती मागच्या दारानं बाहेर पडली होती. मी शोधत गेले तर आचाऱ्यांनी रचून ठेवलेल्या पातेल्यांच्या आडोशाला उभी, डोळे भरलेले.

इथे मी तिच्या पाठीवरून हात फिरवायला हवा होता. मी तसं केलं नाही. मेट्रोच्या जिन्यापर्यंत मी तिला बोलत राहिले. चार वाक्यं, अगं चार वाक्यं म्हणायची होती! तुझ्यासाठी मी सतरा कार्डं जमवली!

"तुम्ही जमवली मॅडम," ती म्हणाली. "तुम्हाला जमतं. मला नक्को हे."

"मग राहा जन्मभर लोकांची कोपरं बघत!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. शब्द सुटला आणि माझं मलाच कळलं की हा जास्त झाला. रेणुकानं मान वर केली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग ती गर्दीत निघून गेली.

मंगळवारी साडेसातला बेल वाजली. दारात एक तरुण उभा होता. त्यानं आपलं नाव प्रशांत सांगितलं.

"रेणुका?"

"ताईंनी आज मला पाठवलं."

त्यानं नियमाप्रमाणे नाव विचारलं, तारीख विचारली आणि उजव्या हाताला टोचलं. शीर सापडली नाही. पुन्हा टोचलं. सापडली नाही. रक्त पातळ असलं की चुकलेल्या प्रत्येक टोचणीची जागा काळीनिळी होते. माझा हात बघता बघता जांभळा पडला आणि मी आरडाओरडा केला. सहा वर्षांत मला सुई दुखली नव्हती. सुई दुखते हेच मी विसरले होते.

घाबरून प्रशांतनं खिशातून फोन काढला. "सॉरी मॅडम, ताईंनी वहीचं पान पाठवलं होतं, मी बघितलंच नाही." तो मनाशी वाचू लागला. मी त्याच्या हातून फोन घेतला. त्यात एका वहीच्या पानाचा फोटो होता. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. या पोरांना आपली लिपी धड येत नाही. मी अक्षर अक्षर लावत वाचलं.

'कमल मॅडम. उजवा हात सोडा. डावा, कोपराच्या आत, जरा बाहेरच्या बाजूला. एकदा चुकली तर थांबा, हात काळा पडतो. पहिले शाळेचं नाहीतर पाढ्यांचं काही विचारा. बोलायला लागल्या की टोचा. त्यांना कळत नाही. एकट्या असतात, पाच मिनिटं जास्त बसा.'

मी ते पुन्हा वाचलं. गणिताची गोडी! म्हणजे सहा वर्षं मी या पोरीला शिकवत होते असं मला वाटत होतं, आणि ही पोरगी मला कळूही न देता माझं रक्त काढत होती. मला हसू फुटलं. मग शेवटच्या ओळीवर नजर परत गेली आणि हसता हसता डोळे भरून आले. प्रशांतला वाटलं हात फार दुखतोय. त्यानं घाईघाईनं विचारलं, "मॅडम, शाळेत तुमचा आवडता पाढा कुठला होता?"

"एकोणतीसचा," मी म्हणाले. "टोच आता, मी हलत नाही."

डाव्या हाताला पहिल्या फटक्यात शीर सापडली. निळ्या टोपणाची नळी भरली, आणि मग मी त्या मुलाला सोडलं नाही, बसवून सगळं विचारून घेतलं. रेणुकाच्या वहीत अशी दोनशे माणसं आहेत म्हणे. कोण सुईला घाबरतं, कोण रक्त बघून चक्कर येऊन पडतं, कुणाशी क्रिकेटचं बोलायचं, कुणाशी काहीच बोलायचं नाही. पेशंट दुसरीकडे जाणार असला की ती तिथल्या टेक्निशियनसाठी चिठ्ठी लिहून त्याच्याच हाती देते. सुलतान बाजारात बांगड्या विकणाऱ्या चतुराबाई आहेत. त्यांची महिन्याची तपासणी रेणुकाकडे आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस दुसऱ्या रुग्णालयात, हेमंत नावाच्या टेक्निशियनकडे. तीन वर्षं झाली, कुठला हात सुजलाय, कुठे टोचायचं नाही, अशा चिठ्ठ्या रेणुका आणि हेमंत एकमेकांना चतुराबाईंच्या चंचीतून पाठवतात. तंबाखू, चुना आणि मध्ये चिठ्ठी.

"भेटलेत कधी?"

"नाही ना. फोन पण नाही. ताईंना फोनवर बोलायला आवडत नाही."

आणि ही म्हणते मला बाहेरचं कुणी ओळखत नाही! मी तिच्यावर चिडले, मग स्वतःवर चिडले, आणि दोन्ही चिडणी बरोबर घेऊन, प्रशांतकडून पत्ता मिळवून दुपारीच कुकटपल्ली गाठली.

रेणुका अजून कामावरून आली नव्हती. वडील सूर्यभान बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. नांदेडकडून तरुणपणी इकडे येऊन त्यांनी बस डेपोत मेकॅनिक म्हणून सारी नोकरी केली. आई सखूबाईंनी मला पाणी दिलं आणि माझा जांभळा हात बघून हळहळल्या. मी सगळं सांगून टाकलं. जिन्याशी काय बोलले तेही.

"कळलं आम्हाला," सखूबाई म्हणाल्या. "जेवली नाही त्या दिशी. पर बाई, तुमच्यावर राग नाही तिचा. तुमचं खरं हाय म्हणली. ती अशीच हाय. मला शुगर हाय ना, तर घरी माझं रक्त घ्यायला बसली अन् मलाच म्हणती, पूर्ण नाव सांगा. म्हणलं, अगं बये, मी तुझी आय! तर म्हणती, ते खरं, पण नाव सांगा."

"सांगितलंत?"

"सांगितलं की! सखूबाई सूर्यभान म्हणलं. मग जन्मतारीख. ती कुणाला ठावं? दोघी बसलो गप."

सूर्यभान पेपरामागून हसले. "शेवटी आधार कार्ड दाखवायला लावलं आईला."

चारच्या सुमाराला रेणुका आली आणि मला बघून दारातच थबकली.

"माझं चुकलं," मी म्हणाले. मुख्याध्यापकांनासुद्धा हे वाक्य मी कधी ऐकवलं नव्हतं. "मी तुला माझ्यासारखं करायला बघत होते. तुला बोलायचं नाहीये. तू लिही."

"कुणाला?"

"हेमंतला."

"त्यांना मी बघितलं पण नाही मॅडम."

"त्यांनी तरी तुला कुठे बघितलंय? तुझं काम मात्र तीन वर्षं बघतायत. अर्जात तेच विचारलंय."

चिठ्ठ्यांनाही ओळख म्हणतात हे रेणुकाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग तिनं वहीचं पान फाडलं. बुधवारी सकाळी डायलिसिसला निघालेल्या चतुराबाईंच्या चंचीत चिठ्ठी गेली आणि संध्याकाळी उत्तर आलं. चुन्याचा डाग पडलेल्या कागदावर नाव, हुद्दा, फोन नंबर आणि खाली एक ओळ: 'विचारायला तीन वर्षं का लावलीत?'

एक नाव झालं. दुसरं हवं होतं आणि दिवस उरले तीन. गुरुवारी रेणुका कामावरून सुटल्यावर माझ्याकडे आली. मी सतरा कार्डं टेबलावर पत्त्यांसारखी मांडली. तिनं त्यातलं एकच उचललं. कविता मॅडमचं.

"यांची माफी मागायची राहिली," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं, आणि मिटलं. सोपं नव्हतं ते. फोनवर तो निरोप लिहायला तिला चाळीस मिनिटं लागली. हिंदीत लिहिलेला तो निरोप असा होता: 'मॅडम, रविवारी मी तुमचा हात धरला आणि सगळ्यांसमोर वय विचारलं. माफ करा. मी घाबरले की काम करायला लागते. मला एका अर्जासाठी माझं काम जाणणारी व्यक्ती हवी आहे. तुम्ही माझं काम पाहिलेलं नाही, म्हणून तुमचं नाव मागत नाही. पाहायचं असेल तर मी येते.'

असं कुणी लिहितं का? नेहाच्या वर्गात हिला शून्य मिळालं असतं. पण दहा मिनिटांत फोन टुणकन वाजला. कविता मॅडमनी लिहिलं होतं: 'कल सुबह आओ. मेरा ही ब्लड निकालना है, शुगर का. बीस साल से ब्लड बँक चला रही हूँ और मेरी नस किसी को नहीं मिलती. चार बार सुई चुभाते हैं सब.'

रेणुकाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा घमेंडीच्या जवळपासचं काहीतरी पाहिलं. तिनं विचार न करता उत्तर पाठवलं, 'मिलेगी मॅडम. लेफ्ट हाथ की मैं उस दिन देख ली.'

शुक्रवारी सकाळी ती गेली. तिथे काय झालं ते मला तिच्याकडून अकरा शब्दांत आणि प्रशांतकडून अर्ध्या तासात कळलं. एकच टोचणी. कविता मॅडमनी 'टोचलंस का?' विचारलं तेव्हा नळी भरून झाली होती. त्यांनी अर्जावर नाव स्वतःच्या हातानं लिहिलं आणि रेणुकाला उपमा खाऊ घातला. शनिवारी तीन वाजता अर्ज पोचला. मुदत पाचची होती. दोन तास हातात राखून पोचलेला अर्ज म्हणजे माझ्या लेखी पहिला वर्ग.

पुढे त्या रुग्णालयातून दोघांना फोन गेले. हेमंतना विचारलं, कधीपासून ओळखता? तीन वर्षं. कशा आहेत? 'देखा नहीं साब. पण त्यांच्या चिठ्ठीनं माझ्या पेशंटचा हात वाचला.' कविता मॅडमना विचारलं, किती ओळख? 'दोन वेळा भेटले, मिळून पाऊण तास.' एवढ्यावर शिफारस करता? 'मी बहात्तरची आहे. माणूस ओळखायला मला पाऊण तास पुष्कळ झाला.' समोरचे साहेब बुचकळ्यात पडले असणार, पण त्यांनी रेणुकाला मुलाखतीला बोलावलं. मुलाखतीत तिनं आधीच सांगितलं की मला बोलता येत नाही, लिहून आणलंय. आणि दोन पानं पुढे केली, मूल न धरता रक्त कसं घ्यायचं यावर.

त्यानंतर दोन आठवडे काही कळलं नाही. रेणुका ठरल्या मंगळवारी आली, नाव विचारलं, तारीख विचारली, पाढ्यांचं विचारलं. आता मला डाव ठाऊक होता, तरी मी मुकाट बोलले. बोलायला मला आवडतं, त्याला मी काय करू?

ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी माझा फोन वाजला. पडद्यावर रेणुकाचं नाव. तिनं मला तोवर एकदाही आपणहून फोन केला नव्हता.

"मॅडम," ती म्हणाली. "झालं."

एवढंच. पुढे शब्द नाही. माझ्या जिभेवर निदान वीस वाक्यं येऊन उभी राहिली, अभिनंदन, पगार किती, रुजू कधी, आईला सांगितलंस का. मी ती सगळी गिळली आणि फोन कानाला लावून गप्प बसले. तिकडे ती श्वास घेत होती, इकडे मी. कितीतरी वेळ आम्ही दोघी तशाच होतो, आणि मला अजिबात अवघडल्यासारखं वाटलं नाही.

मग तीच म्हणाली, "पंधरा तारखेपासून जायचं. मंगळवारी आता प्रशांत येईल. त्याला शिकवलंय मी सगळं."

तोवर हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गेला दीड महिना मी ज्या नोकरीसाठी धावपळ केली, ती हिला माझ्या दारातून घेऊन जाणार होती. मला फार आनंद झाला होता आणि फार वाईट वाटलं. दोन्ही एकदमच. आवाज नीट ठेवत मी म्हणाले, "हो हो, चांगला आहे तो मुलगा."

"रविवारी मला सुट्टी असते," रेणुका म्हणाली. "मी येऊ का?"

"रविवारी कशी तपासणी? केंद्र बंद असतं ना?"

"तपासणी नाही." मग जरा थांबून, "असंच."

मी विचारलं, किती वाजता. ती म्हणाली, दहाला. रविवारी पावणेदहालाच मी दार उघडून ठेवलं.